दीड मिनिट

कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. ती दीडमिनिट मावशी. वाटाणा उकळत्या पाण्यात बरोबर दीड मिनिट राहिला पाहिजे आणि तिथून थेट बर्फाच्या पाण्यात गेला पाहिजे. मिनिटभरात काढला तर तो आत कच्चा राहतो, मग कितीही गोठवा, आतल्या आत बिघडतच जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पिशवी फोडली की वाळक्या गवताचा वास सुटतो. दोन मिनिटं ठेवला तर सालं सुटतात. म्हणून दीड मिनिट. भिंतीवर हातभर मोठं घड्याळ होतं, पण वाफेने त्याची काच कायमची आंधळी झालेली. त्यामुळे मावशी मनात मोजायची, एक ते नव्वद. एकोणीस वर्षं, दिवसाला शंभर-सव्वाशे टोपल्या. एकदा नवीन आलेल्या इंजिनियरने गंमत म्हणून मोबाइलवर वेळ लावून पाहिली, तर त्याचे नव्वद सेकंद आणि मावशीचे नव्वद एकदमच संपले. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही यंत्रच आहात." मावशी म्हणाली, "यंत्र बिघडतं, बाळा."

अशा बाईला साहेबाने बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की काहीतरी काळंबेरं आहे. एकोणीस वर्षांत त्या खोलीत तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

साहेबाचं नाव बायकांनी मायनससाहेब ठेवलं होतं. शीतगृहात मायनस अठरा तापमान लागतं आणि हा माणूस दर दोन वाक्यांनंतर ते सांगायचा. पगारवाढ मागा, मायनस अठरा. पंखा दुरुस्त करा म्हणा, मायनस अठरा. आज मात्र त्याचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला होता.

"मावशी, चौदा तारखेचा माल परत येतोय. गुठळ्या झाल्यात, रंग उतरलाय, वास मारतोय. गिऱ्हाईक मोठं आहे. उद्या अकराला त्यांच्या तपासनीस बाई येतायत."

"मग?"

"मग काय, चौदा तारखेला उकळत्या टाकीवर तुम्ही होता."

"रोज मीच असते."

"तेच म्हणतोय. उद्या बाईंसमोर एवढंच म्हणायचं, त्या दिवशी वाटाणा जरा लवकर निघाला, पाणीही नीट निथळलं नाही. अंगात कणकण होती म्हणा. माणसाच्या हातून होतं."

"माझ्या हातून झालं नाही."

"तुम्हाला काहीसुद्धा होणार नाही. मी बसलोय ना! थोडे दिवस निवडणीच्या टेबलाला बसा, लोक विसरले की बघू."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवडणीचं टेबल म्हणजे नव्याने आलेल्या, अजून वाटाणा आणि खडा यांतला फरक शिकणाऱ्या मुलींचं टेबल. तिथे ती खाली मान घालून बसणार आणि येणारा-जाणारा म्हणणार, ही बघा ती, हिनेच माल घालवला.

"पिशवी दाखवा," ती म्हणाली.

"कशाला आता..."

"माझ्या हातून बिघडलाय ना? मग बघू दे तरी मला काय बिघडलंय ते."

साहेबाने कुरकुरत कोपऱ्यातल्या छोट्या फ्रीजमधून पिशवी काढली. मावशीने ती हातात घेऊन हलवली. आवाज आला नाही. पिशवी नव्हतीच ती, वीट होती. तिने ती उलटी केली, खिडकीपाशी नेली, बोट फिरवून पाहिलं. एका बाजूला, फक्त एकाच बाजूला, बर्फाचा सपाट पापुद्रा होता, ताटासारखा गुळगुळीत.

हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. सरकत्या पट्ट्यावर गार वाऱ्याच्या झोतात वाटाण्याचा एकेक दाणा सुटा गोठतो. म्हणून चांगली पिशवी हलवली की खळखळते. दाणे ओले राहिले असते, तर बर्फ प्रत्येक दाण्याभोवती सारखा लागला असता. पण गोठलेला वाटाणा वितळला की अंगचं पाणी सोडतो. ते पाणी पिशवीच्या तळाला उतरतं आणि परत गोठवलं की तळाशी असं सपाट बसतं. थप्पीत आडवी असताना ही पिशवी वितळली होती आणि तिथेच परत गोठली होती. एकोणीस वर्षं गोठवणीच्या धंद्यात काढलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

"हा वितळून परत गोठलाय," मावशी म्हणाली. "टाकीचा दोष नाही, साहेब. शीतगृहाचा आहे."

लोणी संपलं. साहेबाने खणातून कागद काढून तिच्यापुढे टाकला. दर दोन तासांनी तपासलेलं शीतगृहाचं तापमान. महिनाभर, वरपासून खालपर्यंत, मायनस अठरा. कुठे सतरा नाही की एकोणीस नाही. खाली सही.

"ओळखता ना सही? तुमच्याच जावयाची आहे. आता तो खोटं बोलतो म्हणायचंय तुम्हाला?"

मावशीने कागद उजेडाला धरला. सही तिच्या जावयाचीच होती.

शीतगृहाच्या दारापाशी जावई जाड कोट घालून उभा होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चार वर्षांपूर्वी, त्याला कुठे नोकरी टिकत नव्हती तेव्हा, मावशीनेच मालकाच्या दारात तीन चकरा मारून त्याला इथे चिकटवला होता. घरी तो तिला आई म्हणायचा, कारखान्यात सगळ्यांसारखा मावशी. तिला पाहताच त्याने दाराचं रबर पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

"जावईबापू," ती म्हणाली, "चौदा तारखेच्या मालाचं काय झालं?"

"यंत्र एक मिनिटही बंद नव्हतं, मावशी."

"मी यंत्राचं कुठे विचारलं?"

तो रबर पुसत राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्या काही थंडीने झाल्या नव्हत्या. "आपण घरी बोलू," तो पुटपुटला आणि दार उघडून आत शिरला. मायनस अठरात! सासूपेक्षा त्याला तेच उबदार वाटलं असावं.

संध्याकाळी मावशी लेकीच्या घरी गेली. जावई अजून आला नव्हता. येणार नाही, हे तिला माहीत होतं. लेक ओट्यापाशी उभी होती, गॅसवर भाताला आधण ठेवलेलं. लेकीने आईकडे पाहिलं आणि मावशी काही विचारायच्या आतच म्हणाली, "आई, तू एकदा हो म्हणून टाक ना."

म्हणजे इथपर्यंत पोचलं होतं. फक्त मावशीपर्यंत पोचलं नव्हतं.

"कशाला हो म्हणू? सांग तरी."

मग लेकीने सांगितलं, आधी तुटक, मग एकदम भडाभडा. शीतगृहातल्या पंख्यामागच्या नळ्यांवर बर्फ साचला होता. तो काढायचा म्हणजे यंत्र बंद करून आतला हीटर लावायचा, अर्ध्या तासात बंद करायचा आणि यंत्र परत सुरू करायचं. शनिवारी दुपारी त्याने हीटर लावला. तेवढ्यात मित्रांचा फोन आला, मॅच सुरू होतेय म्हणून. तो गेला. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी दाराखालून पाणी बाहेर येत होतं. हीटरच्या सगळ्यात जवळची थप्पी चौदा तारखेची होती, तिचा पार चिखल झाला होता, तीच परत गोठवून गिऱ्हाइकाला पाठवली.

"आणि मायनससाहेब?"

"ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. शीतगृह बंद पडलं असं कळलं, तर आतला सगळा माल टाकावा लागेल, सगळी गिऱ्हाइकं जातील. पण टाकीवर चूक झाली म्हटलं, तर एका दिवसाचाच माल जातो. त्यांनीच कागद भरून घेतला यांच्याकडून. हे तरी काय करणार होते, आई? दगडाखाली हात अडकला होता."

"दगडाखाली माझं डोकं दिलं, ते बरं सुचलं."

"ओरडू नकोस. छोटी झोपलीय."

"ओरडू नको? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाने ओरडायचंही नाही?" मावशीने आवाज मात्र खाली घेतला, नातीसाठी. राग तसाच होता, उलट दाबल्याने वाढला. "महिनाभर माझ्या समोरून जातोय हा माणूस. मावशी, चहा घेतला का? मावशी, पाय कसे आहेत? लोक मूग गिळून बसतात, याने अख्खी थप्पी गिळली."

लेक रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, आई. तुझी दोन वर्षं राहिलीत. तू निवडणीला बसलीस तर काय होणारय? यांची गेली तर आम्ही कुठे जायचं?"

"दोन वर्षं राहिलीत म्हणून एकोणीस वर्षं चिखलात टाकू? त्या टाकीवर माझ्या हातची एक टोपली वाया गेलेली नाही. एक! तुझे वडील गेले, त्याच्या चौथ्या दिवशी मी तिथे उभी होते आणि नव्वदच मोजले. तुझं बाळंतपण झालं, रात्रभर जागी, सकाळी नव्वदच मोजले. ते सगळं त्या बाईसमोर पुसून टाकू? मॅचसाठी?"

लेकीने डोळे पुसले आणि उत्तर द्यायचं टाळायला म्हणून फ्रीजकडे वळली. वरचा कप्पा उघडून तिने भातात घालायला वाटाण्याची पिशवी ओढून काढली.

पिशवी खळखळली.

मावशीचे कान टवकारले. हा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. तिने पिशवी लेकीच्या हातातून घेतली. कारखान्याचा शिक्का, न फोडलेली शिवण, आणि कोपऱ्यात छापलेली तारीख. चौदा.

"ही कुठून आली?"

"यांनीच आणली होती, त्याच दिवशी, पट्ट्यावरून उतरल्या उतरल्या. दोन आणल्या होत्या, एक संपली. छोटीला आवडतो ना वाटाणा." लेक थांबली. आईच्या हातात काय आहे, ते तिच्या आत्ता लक्षात आलं. "आई, ती इकडे दे."

मावशीने पिशवी परत एकदा हलवली. दाणे हिरवेगार, सुटे, आपापले. तेच पाणी, तोच हात, तेच नव्वद. आपल्या लेकीला गोड वाटाणा खाऊ घालणारा बाप कारखान्यात साहेबापुढे मान हलवत होता, की हो, मावशीनेच बिघडवला. तिला त्या क्षणी जावयाचा इतका राग आला, की तो समोर नव्हता हे त्याचं नशीबच.

"आई, ठेव ती. भात करायचाय मला."

"भातात गाजर घाल," मावशी म्हणाली आणि ओट्यावरचा टॉवेल उचलून त्यात पिशवी गुंडाळली.

"तू त्यांना बुडवायला निघालीस."

"मी माझी पिशवी घेऊन निघालेय. बुडायचं की पोहायचं, ते त्यांनी ठरवावं."

लेक दारापर्यंत मागे आली, पण तिने हात धरला नाही. धरला असता तर मावशी थांबली असती का, हे मावशीलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी स्वतःच्या फ्रीजमधून काढली, टॉवेलसकट डब्याच्या पिशवीत टाकली आणि कारखान्यात आल्या आल्या टाकीशेजारच्या बर्फाच्या पिंपात खोल पुरून ठेवली. त्या पिंपात तिच्याशिवाय कुणाचा हात जात नसे. अकराला पाच कमी असताना ती काढून घेतली आणि जिना चढली.

तपासनीस बाई तरुण होती, चष्म्याची, बोलायला तुटक पण डोळ्यांनी सगळं टिपणारी. टेबलावर वीट झालेली पिशवी आणि तापमानाचा कागद होता. जावई दाराशी उभा होता, साहेबाने त्याला कागदाची खात्री द्यायला बोलावलेलं. भिंतीला लागून चहाची विजेची किटली आणि काचेचे पेले होते.

"या मावशी, बसा," साहेब म्हणाला. "बाईंना सांगा काय झालं ते. घाबरू नका."

"घाबरत नाही," मावशी म्हणाली, आणि बसली नाही. तिने टॉवेल उलगडून पिशवी टेबलावर ठेवली. "बाई, दोन्हींवर तारीख बघा. दोन्ही चौदा. आता दोन्ही हलवून बघा."

तपासनीस बाईने आधी वीट उचलली आणि हलवली. मग दुसरी हलवली. ती खळखळली. बाईने चष्मा वर सरकवला आणि विटेच्या सपाट बर्फावरून बोट फिरवलं, अगदी काल मावशीने फिरवलं होतं तसंच. मावशीला त्या मुलीबद्दल एकदम माया वाटली.

"ही चांगली पिशवी कुठे होती इतके दिवस?" बाईने विचारलं.

"हो, कुठे होती?" साहेबाला तेवढाच आधार मिळाला. "शिक्क्याची पिशवी बाहेर गेलीच कशी? ही चोरी आहे, बाई! मी कालच म्हणालो होतो, या..." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण तपासनीस बाई साहेबाकडे बघत नव्हती.

"सांगते," मावशी म्हणाली. "आधी दोन्हींतला वाटाणा उकळत्या पाण्यात टाकून बघा. माझ्यावर आळ उकळण्याचाच आहे ना? दीड मिनिट लागतं. दीड मिनिटाने सांगते."

बाईने किटली लावली. पाणी उकळलं, तसं तिने ते दोन पेल्यांत ओतलं आणि दोन्ही पिशव्यांतले मूठ-मूठभर दाणे टाकले. विटेतले तिला पट्टीच्या कडेने फोडून काढावे लागले. मग तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मावशीने जावयाकडे पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली.

हा वेळ त्याचा होता. तिने तो मुद्दाम काढून दिला होता. चार शब्द पुरे होते, पिशवी मी नेली होती. तेवढे बोलला असता, तर पुढचं ती सांभाळून घेणार होती. साहेबाने दबाव टाकला म्हणाली असती, पोर घाबरलं म्हणाली असती, त्याच्यासाठी मालकाच्या दारात चौथी चकर मारली असती. वीस. तो कागदाकडे बघत होता. तीस. पेल्यांतली वाफ वर यायला लागली, एकातून गोडसर, एकातून आंबूस, कुजकट. बाईने नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं. पंचेचाळीस. साहेबाने जावयाकडे पाहून मान किंचित हलवली, नाही अशी. जावयाने ती पाहिली. साठ. त्याने मावशीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मावशीला वाटलं, सुटलं सगळं.

"मला यातलं काही माहीत नाही," तो तपासनीस बाईला म्हणाला. "शीतगृहातून मावशी कधी काय नेतात, मी कुठे कुठे लक्ष ठेवणार?"

पंच्याहत्तर.

 तरीही मावशीचा एक आकडा चुकला नाही. ऐंशी. हा तिच्या नातीचा बाप. पंच्याऐंशी. याला तिने घास भरवल्यासारखी नोकरी दिली होती, आणि हा तिला चोर म्हणाला होता.

नव्वद.

"काढा, बाई," मावशी म्हणाली.

बाईने घड्याळाकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि चमच्याने दाणे काढले. पहिल्या पेल्यातला दाणा तिने चावला, आणखी एक खाल्ला. दुसऱ्यातला तोंडात घातला आणि लगेच रुमालात थुंकला.

"आता सांगा. कुठे होती?"

"माझ्या जावयाच्या घरी, त्याच्या फ्रीजमध्ये. चौदा तारखेला त्याने स्वतः नेली, शीतगृह वितळायच्या आधी. शिवण बघा, न फोडलेली आहे. पुढच्या शनिवारी काय वितळलं आणि हा कागद कुणी भरायला लावला, ते साहेबांना विचारा. मला विचारायचं राहिलं असेल, तर मी खाली टाकीवर आहे."

"शीतगृह उघडा," तपासनीस बाई जावयाला म्हणाली. तो किल्ल्या चाचपायला लागला. जुडगा कमरेलाच होता, पण त्याला सापडेना.

मावशी जिना उतरली. निवडणीला जा, असं तिला कुणी म्हटलं नाही. टाकीला उकळी फुटली होती, वाटाण्याची टोपली भरून तयार होती आणि भिंतीवरचं घड्याळ नेहमीसारखं आंधळं. खिशात फोन वाजायला लागला. काढून पाहायची गरज नव्हती, लेकीचाच असणार. वाजून वाजून बंद झाला आणि लगेच परत वाजायला लागला. मावशीने टोपली पाण्यात सोडली आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.